छायेचं बाळ

सानिकाचं बाळ गेलं तेव्हा ती पोहे खात होती, आणि बाळ तिच्या पोटात लाथा मारत होतं.

ऐकायला वेड्यासारखं वाटतं, पण झालं ते असंच. चैत्रातली सकाळ. कूलर घरघरत होता, सौमित्र ऑफिसला निघायच्या घाईत दुसरा बूट शोधत होता, आणि त्याचा फोन वाजला. रोज सकाळी त्या फोनवर एक हिरवा ठिपका यायचा. तो बघितल्याशिवाय या घरात चहासुद्धा गाळला जात नसे. आज ठिपका लाल होता. सौमित्रने वाचलं, आणि एक बूट पायात नि एक हातात असा तो मटकन खुर्चीत बसला.

"सानू, बाळ गेलं गं."

"कुणाचं?" सानिकाने विचारलं. तोंडात घास होता.

"आपलं. म्हणजे... छायेचं. तीन आठवड्यांनी."

स्वयंपाकघराच्या दारात सौमित्रची आई, शैलजाबाई, पातेलं हातात धरून उभ्या होत्या. त्यांनी ते पातेलं तिथेच जमिनीवर ठेवलं. सानिकाने तोंडातला घास चावला आणि गिळला. तो गिळताना आपल्याला काहीतरी वाटायला हवं होतं, हे तिला कळत होतं. वाटत मात्र काहीच नव्हतं.

आता ही छाया कोण, ते सांगायला हवं. दिवस गेलेल्या बाईच्या पोटावर, बेंबीच्या खाली, सरकारी दवाखान्यात एक चकती चिकटवून देतात. बिस्किटाएवढी, पातळ, आंघोळीलाही काढायची नाही. ती बाळाचे ठोके ऐकते, आईचा रक्तदाब, साखर, रक्तातलं लोह सतत मोजत राहते. हे आकडे संगणकात जातात आणि तिथे त्यांच्यातून दुसरी एक बाई उभी राहते. तिला नाव नाही, चेहरा नाही, माहेर नाही. आहे ते निव्वळ गणित: एवढं हृदय, एवढी वार, एवढं बाळ. हवामानवाले आजच्या वाऱ्यावरून परवाचा पाऊस सांगतात ना, तशी ही बाई खऱ्या बाईच्या तीन आठवडे पुढे जगते. रोज तिला खऱ्या आकड्यांशी ताडून सरळ करायचं आणि पुन्हा पुढे सोडायचं. सरकारी कागदांवर तिचं नाव लांबलचक आहे, बायका तिला छाया म्हणतात.

आणि या छायेने बायका वाचवल्या, हे नाकारून चालणार नाही. पायावर सूज यायच्या आधी, डोकं ठणकायच्या आधी, डोळ्यांपुढे काजवे चमकायच्या आधीच छायेचा रक्तदाब चढायचा, आणि खऱ्या बाईला वेळेवर गोळी मिळायची. बाळंतपणात झटके येऊन गेलेली बाई आता पंचक्रोशीत कुणाला आठवत नव्हती. पण माणूस मोठा विचित्र प्राणी. फोनवर कळतंय म्हटल्यावर त्याने बाईला विचारणंच सोडून दिलं. "सानू, बरं वाटतंय ना?" हा प्रश्न सौमित्र फोनकडे बघत विचारायचा आणि उत्तरही फोनकडूनच घ्यायचा. तसा गुणी नवरा हो. रात्री पाय चेपून द्यायचा. पण कुठला पाय दुखतोय ते फोनला विचारून.

छायेचं बाळ गेल्याची बातमी अशी बाहेर फुटली की विचारू नका. माणसं भेटायला यायला लागली. चपला दाराबाहेर काढून, आवाज खाली आणून, भिंतीला टेकून बसायची. सौमित्रची आत्या आली, तिने सानिकाच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "होईल गं पुन्हा. वय आहे अजून." सानिकाचं आठव्या महिन्यातलं पोट तिच्यासमोर भलंथोरलं होतं, आणि त्यात बाळ ढुशा देत होतं. आत्याने ते पाहिलं आणि नजर चटकन पंख्याकडे वळवली.

डोहाळजेवण रद्द झालं. फुलांचे दागिने सांगितले होते, ते सौमित्रने फोन करून नको म्हटले. फुलवाल्याने कारण विचारलं, तेव्हा हा नुसताच "हो, हो" करत राहिला. शैलजाबाई जांभळ्या काठाची कुंची शिवत होत्या. ती अर्धवट कुंची सुईदोऱ्यासकट कपाटात गेली. शिवाय त्या एकभुक्त राहायला लागल्या. दिवस मावळल्यावर एकदाच काय ते जेवायचं. कशासाठी, ते त्या बोलल्या नाहीत, आणि सानिकानेही विचारलं नाही.

सानिकाला रडू येत नव्हतं. दाढ काढताना हिरडी बधिर करतात आणि मग आपण जिभेने चाचपत बसतो, की गाल जागेवर आहे ना. तशी ती दिवसातून दोन-चारदा स्वतःला चाचपून बघायची. काहीच लागायचं नाही हाताला. भूक नाही, भीती नाही. बाळ हललं की पूर्वी ती पटकन हात ठेवायची. आता हात उचलून बाजूला ठेवायची.

एक गोष्ट मात्र तिला पक्की ठाऊक होती. हे का झालं, ते. आणि ते तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. त्यांच्याकडे महालक्ष्म्या बसतात, उभ्या, मखरात, मुखवट्यांच्या. दुसऱ्या दिवशी त्यांचं जेवण. सोळा भाज्या, पुरणपोळ्या, आणि सगळं सोवळ्यात. त्या वर्षी पोळ्याच्या सुमारास शैलजाबाई अंगणात घसरल्या आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. सगळा स्वयंपाक सानिकावर आला. शैलजाबाईंनी तिला बाजूला घेऊन विचारलं, "तुझी तारीख कधी आहे गं? अधेमधे येत असेल तर गोळ्या आणून ठेव."

पाळी पुढे ढकलायच्या त्या गोळ्या सानिकाने आदल्या वर्षी घेतल्या होत्या. त्यानंतर कितीतरी महिने तिचं सगळं चक्रच बिघडलं होतं, आणि तिला तर आता मूल हवं होतं. तेव्हा ती बिनधास्त खोटं बोलली, "आई, माझं उरकलंय. पोळ्याच्या आधीच."

आणि जेवणाच्या दिवशी सकाळी, पुरण वाटता वाटता, तिला पाळी आली.

आता सांगणार कोणाला? बाहेर पंचवीस माणसं जेवायला येणार, घरात दुसरं हात लावणारं कुणी नाही. ती न्हाणीघरात गेली, लुगडं बदललं, डोक्यावरून पाणी घेतलं आणि परत येऊन पोळ्या लाटायला बसली. नैवेद्य तिनेच वाढला. संध्याकाळी शैलजाबाई महालक्ष्म्यांच्या चेहऱ्यांकडे बघत म्हणाल्या, "बघ गं, कशा तृप्त दिसताहेत. पोटभर जेवल्या हो." सानिका मान खाली घालून उष्टी काढत राहिली.

त्याच्या पुढच्याच महिन्यात दिवस गेले. तीन महिने पुरे होईपर्यंत कुठे वाच्यता करायची नाही, असा शैलजाबाईंचा दंडक. त्यामुळे दवाखान्यात नाव घालायला चौथा महिना सरला. तिथे नर्सने विचारलं, शेवटची पाळी कधी? शेजारच्याच खुर्चीत शैलजाबाई बसलेल्या. सानिकाने पोळ्याच्या आधीची तारीख सांगितली. दुसरी कुठली सांगणार होती?

तेव्हा लाल ठिपका आला त्या सकाळी तिच्या मनात पहिलं काय आलं असेल, ते उघड आहे. विटाळाच्या हाताने नैवेद्य केला, देवीने बाळ नेलं. शिकलेली होती, एम.एस्सी. झाली होती, कॉलेजात पोरींना जीवशास्त्र शिकवत होती. पण शिक्षण असतं डोक्यात, आणि ही गोष्ट तिच्या पोटात जाऊन बसली होती.

दवाखान्यात डॉ. फरहाना काझी होत्या. बारीक चणीच्या, तोंडाच्या फटकळ, पण पेशंटचा हात हातात घेऊन बोलणाऱ्या. त्यांनी सगळं उलगडून सांगितलं.

"छायेचं बाळ वाढ खुंटून गेलंय. वारेतून त्याला पुरेसं मिळत नाहीये, असं छाया म्हणते. म्हणजे तुमच्या बाळावर ती वेळ यायच्या आत आपण त्याला बाहेर काढायचं. ऑपरेशन करून. पुढे काचेच्या पेटीत वाढवू."

"वाचेल ना?" सौमित्रने विचारलं.

"बरीच वाचतात. काहींची फुप्फुसं कच्ची राहतात, काहींचे डोळे, काहींचा मेंदू. खोटं कशाला सांगू? कच्चं फळ काढायचंय आपल्याला. पण झाडावर वाळून जाण्यापेक्षा बरं. फुप्फुसांसाठी आईला आधी इंजेक्शनं देऊ."

सौमित्रने सही केली. सानिकाने केली. कशावर करतोय ते तिने वाचलंसुद्धा नाही.

ऑपरेशन सकाळी व्हायचं होतं. आदल्या दुपारी सानिका वॉर्डातल्या खाटेवर छताकडे बघत पडली होती. इंजेक्शनं देऊन झाली होती. सौमित्र खिडकीशी फोन घेऊन उभा. शैलजाबाई पायाशी स्टुलावर, मांडीवर त्याच्यासाठी आणलेला डबा. उन्हाने बाहेरचा पत्रा तडतडत होता. तेवढ्यात डॉ. काझी सोनोग्राफीचं जुनं यंत्र स्वतः ढकलत आल्या. त्याची नियमाप्रमाणे गरज नव्हती. छाया असताना कोण बघतंय पोटात?

"मला चैन पडत नाहीये, बाई," त्या म्हणाल्या आणि सानिकाच्या पोटावर गार जेल ओतलं. बराच वेळ बघत राहिल्या. मग स्वतःशीच बोलल्यासारखं सुरू केलं. "नाळेतलं रक्त तर झकास वाहतंय. पाणी भरपूर आहे. उपाशी बाळाचं असं नसतं हो. उपाशी बाळ दमून पडून राहतं. हे तर लाथ मारून माझा हात उडवतंय."

"मग छाया असं का म्हणते?" सौमित्रने विचारलं.

"तिच्या हिशेबाने बाळ वयाच्या मानाने फार लहान आहे. आज लहान, म्हणून उद्या आणखी मागे, म्हणून परवा खलास. असं ती पुढे पुढे गणित करत जाते."

"आणि वय कसं कळतं?"

"पाळीच्या तारखेवरून. छाया बाकी सगळं स्वतः मोजते, तेवढी एकच गोष्ट बाईच्या तोंडची घेते. पहिल्या दिवशी एकदा विचारते, पुन्हा विचारत नाही. बाई तिसऱ्या महिन्याच्या आत आली तर सोनोग्राफीवरून तारीख ताडून बघता येते. तुम्ही आलात उशिरा. बाळ थोडं लहान भरलं होतं तेव्हाही, पण इतक्या उशिरा अंदाज मागेपुढे होतोच, म्हणून तुमचीच तारीख धरली." त्यांनी यंत्र पुसायला घेतलं. "तारखेत दीड-दोन आठवड्यांची चूक असती, तर मी म्हटलं असतं, बाळ लहान नाहीये, वयानेच कमी आहे. ठणठणीत आहे. पण तुमची तारीख पक्की आहे. स्वतः सांगितलीत."

चूक, सानिकाच्या मनात आलं. कोप नाही. चूक.

हे तिच्या डोक्यात एकदम नाही शिरलं. बधिर गालावर कुणी टिचकी मारावी, तसं लांबून कुठूनतरी आलं. तिने मान वळवून शैलजाबाईंकडे पाहिलं. त्यांचे डोळे डब्याच्या झाकणावर होते. आता बोललं की या घरातला प्रत्येक सण, प्रत्येक नैवेद्य, तिच्या हातचा प्रत्येक घास संपला. पंचवीस माणसांना विटाळाचं जेवायला घातलं, असं होणार. आणि नाही बोललं की उद्या सकाळी एक धडधाकट बाळ कच्चं काढणार. एवढं सरळ होतं. तरी तोंड उघडायला तिला फार वेळ लागला, आणि उघडलं तेव्हा आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी असावा असा सपाट निघाला.

"तारीख खोटी आहे."

"सानू," सौमित्र पुढे आला, "घाबरू नकोस. मी आहे ना..."

"महालक्ष्म्या जेवल्या त्या दिवशी आली पाळी. सकाळी. मी पुरण वाटत होते. सांगितलं नाही कुणाला. सगळा स्वयंपाक मीच केला. मग नर्सने विचारलं तेव्हा तीच जुनी तारीख सांगितली. त्याच्या आधीची."

डॉ. काझींनी खुर्ची ओढली आणि तिच्याजवळ बसल्या.

"हे बघा, रागावू नका. पोटावर सुरी यायची म्हटलं की आया काहीही सांगतात. मी आई असते तर मीही सांगितलं असतं. पण उद्याचं ऑपरेशन मी तुमच्या शब्दावर थांबवलं, आणि छाया खरी निघाली तर? दुसऱ्या कुणाला माहीत आहे हे?"

"नाही. कुणालाच नाही."

"मला माहीत आहे," शैलजाबाई म्हणाल्या.

सानिका त्यांच्याकडे बघतच राहिली. शैलजाबाईंनी मान वर केली नाही. त्या डब्याशीच बोलत असल्यासारख्या बोलत होत्या.

"सकाळी हिरवं लुगडं होतं हिच्या अंगावर. पाट मांडायच्या वेळी बघते तर पिवळं. केस ओले. चूल सोडून बाई मधेच न्हायला कशाला जाईल? बाईला कळतं, डॉक्टर. मला तेव्हाच कळलं. पण माझा हात गळ्यात बांधलेला, माणसं दारात आलेली. मी म्हटलं, देवी, तुला काय घ्यायचं ते माझ्याकडून घे, आजचा दिवस पार पडू दे. आणि गप्प बसले. नर्सने विचारलं तेव्हाही तिथेच बसले होते मी. खोटी तारीख कानांनी ऐकली. आता सांगितलं तर तेव्हा का नाही बोललात, असं होईल, म्हणून पुन्हा गप्प." त्यांनी डबा छातीशी धरला. "ठिपका लाल झाला तेव्हा म्हटलं, घेतलं तिने. पण माझ्याकडून नाही, पोरीकडून घेतलं. तारखेचं हे असं असतं, हे काय ठाऊक मला?"

"आई!" सौमित्र म्हणाला.

डॉ. काझींनी खिशातून फोन काढून महालक्ष्मीच्या जेवणाची गेल्या वर्षीची तारीख शोधली. बोटांवर आठवडे मोजले. मग त्या एकदम भडकल्या, पण कुणावर ते त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. "अहो, मशीन विचारतं तेही एकदाच, आणि तेही सासूसमोर! कोण बाई खरं सांगेल? कुणाच्या घरी सण, कुणाच्या घरी लग्न, कुणी गोळ्या घेतलेल्या, कुणी लपवलेलं. आमच्याकडे काय वेगळं आहे?" आणि बोलता बोलता त्या थांबल्या. चेहरा उतरला. "यंदा किती लाल ठिपके आले... आणि मी किती जणींची..." यंत्र तिथेच सोडून, चपला फटफट वाजवत निघून गेल्या.

त्या परत आल्या तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. सौमित्रचा फोन त्याआधीच वाजला होता, पण त्याने तो पाहिला नव्हता. पालथा घालून खिडकीत ठेवून दिला होता आणि सानिकाच्या पायाशी येऊन बसला होता. कधी नव्हे ते त्याचे दोन्ही हात रिकामे होते.

"तारीख बदलून छाया पुन्हा चालवली," डॉ. काझी म्हणाल्या. "बाळ आहे. बारीक आहे थोडं, आईच्याच चणीचं, पण वाढतंय. सासूबाईंनी सांगितलं ते, मला दिसलं ते आणि हे, तिन्ही जुळतंय. उद्याचं ऑपरेशन नाही. दर दोन-तीन दिवसांनी यायचं, मी स्वतः बघणार. आणि हालचाल कमी वाटली तर फोनला विचारत बसू नका. तुम्हाला कळेल. लगेच या."

"आणि ते?" सानिकाने विचारलं.

"ते कुठलं?"

"जे गेलं ते."

डॉ. काझींना समजायला क्षणभर लागला. "ते नव्हतंच हो, सानिका. चुकीच्या आकड्याचं होतं. पुसून टाकलं."

नव्हतंच. माणसं चपला काढून त्याच्यासाठी बसून गेली होती. कुंची कपाटात गेली होती. एक बाई त्याच्यापायी दिवसदिवस उपाशी राहिली होती. आणि सानिका त्याच्यासाठी एकदाही रडली नव्हती. आता रडावं, तर कोणासाठी, हेही कळेना.

डॉक्टर गेल्या. सौमित्र पाणी आणायला गेला. दोघीच राहिल्या.

"आई," सानिका म्हणाली, "त्या संध्याकाळी तुम्ही म्हणालात, तृप्त दिसताहेत, पोटभर जेवल्या. तुम्हाला तर सगळं माहीत होतं. मग मला बरं वाटावं म्हणून म्हणालात?"

शैलजाबाईंनी मान हलवली. "नाही गं. खरंच तशा दिसल्या मला. माहीत असूनसुद्धा दिसल्या. म्हणून तर जास्त भ्याले." मग मान वर करून म्हणाल्या, "जेवल्या होत्या त्या. तुझ्या हातचं जेवल्या."

आत बाळाने पाय मारला, चांगला सणसणीत, बरगडीखाली. दुखलं. सानिकाच्या तोंडून "आई गं" निघालं, आणि तिचा हात आपोआप तिथे गेला आणि तिथेच राहिला. मग पोटात वरच्या बाजूला आणखी काहीतरी जाणवलं. ते काय आहे, हे ओळखायला तिला जरा वेळ लागला.

"मला भूक लागलीय," ती म्हणाली.

शैलजाबाईंनी घाईघाईने डबा उघडला. भाकरी होती, दोडक्याची भाजी होती, शेंगदाण्याची चटणी होती. सानिकाने भाकरी मोडली, भाजी लावली, आणि पहिला घास सासूपुढे धरला.

"दिवस मावळला नाही अजून," शैलजाबाई म्हणाल्या.

"असू दे."

शैलजाबाईंनी तिच्या हाताकडे पाहिलं, मग तोंड पुढे करून घास घेतला. त्या सावकाश चावत होत्या. सानिका त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.